जुन्या सायकलीची साक्ष

जुनी सायकल शोधून काढणे, तिचे कूळ ओळखणे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणणे हा छंद अलीकडे महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे. जुन्या बाजारातील गंजलेल्या सायकलीला भंगाराहून अधिक भाव मिळू लागला आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि या छंदाला जडलेली एक खोड आम्हांला खटकते. नवशिका माणूस सायकल हाती येताच ती खरवडतो, नवी कोरी करतो आणि तिच्यावर एखादे भारदस्त साल चिकटवतो. ही खोड आपल्या संस्थेच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे, म्हणून या स्मरणिकेत तिच्याविषयी लिहिणे आवश्यक वाटले.

वसतिगृहाच्या कोठीमागील खोलीत उभी असलेली काळी सायकल बहुतेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. संस्थेच्या आरंभीच्या वर्षांत शिक्षक आणि कार्यकर्ते तिच्यावरून आसपासच्या गावी जात, वसतिगृहासाठी धान्य आणि वर्गणी गोळा करीत आणि सुगीच्या दिवसांत शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या पालकांना गाठून समजावीत. ही सायकल प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात ठेवावी, असा प्रस्ताव काही माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या आस्थेने मांडला. सायकल पूर्ण खरवडून तिला पावडर कोटिंग करावे, ओबडधोबड कॅरिअर काढून टाकावे, नव्या रिंगा आणि नवे हँडल बसवावे, आणि खाली ‘इंग्लंडमध्ये बनलेली रॅले, सन १९३०’ अशी पाटी लावावी, असे त्यात म्हटले होते. आस्थेविषयी आम्हांला शंका नाही. परंतु या प्रस्तावातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आमचा विरोध आहे, आणि तो का, हे सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम ओळख पटविण्याचा प्रश्न घेऊ. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचे रूप १८८५ साली ठरले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन जवळपास सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर थोड्याच काळात दांडीची, मडगार्डची, लोखंडी सळयांच्या ब्रेकची ती उंच काळी सायकल स्थिरावली आणि पुढे पन्नास-साठ वर्षे तिच्या आकारात फारसा फरक पडला नाही. नवशिक्याची फसगत येथेच होते. १९३० ची सायकल आणि १९७० ची सायकल शेजारी उभी केली तर लांबून दोन्ही बहिणी वाटतात. आकार काळ सांगत नाही. काळ सांगतात त्या बारीकसारीक खुणा, आणि त्याही एकेकट्या नव्हे.

दुसरी फसगत नावाची. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलस, बी.एस.ए., फिलिप्स अशा विलायती सायकली येत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच निघाला होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स स्थापन झाली आणि अंबत्तूरच्या तिच्या कारखान्यातून हर्क्युलस निघू लागली. कलकत्त्याच्या सुधीरकुमार सेन यांनी इंग्रज कंपनीच्या सहकार्याने पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले उभी केली. सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलास आणि लुधियानाला १९५६ मध्ये हिरो आली. म्हणजे हर्क्युलस आणि रॅले ही नावे तीच राहिली, पण लोखंडाला आकार देणारे हात भारतीय झाले. नाव विलायती आहे म्हणून सायकल विलायती ठरत नाही, हे सायकल ओळखू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनात ठसवून घ्यावे.

मग पाहावे काय? हँडलखालच्या नळीवर समोरच्या बाजूला कंपनीचा धातूचा बिल्ला असतो. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळ्याचे मस्तक आहे, बी.एस.ए.च्या चिन्हात एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत, कारण ती कंपनी मुळात शस्त्रे बनविणारी होती. पण बिल्ला दोन रिबिटांवर बसतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो. तेव्हा बिल्ल्यावर विसंबून सायकल विकत घेणे म्हणजे नुसत्या शिक्क्यावर विसंबून सनद खरी मानणे होय. त्याहून भरवशाची खूण चिमट्याची. हंबर सायकलीचा चिमटा दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्यांचा असे आणि तो लांबूनही ओळखू येतो. रॅलेच्या पुढच्या दातेचक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असत. पण चक्रेही बदलली जातात. चौकटीवर, बहुधा सीटच्या नळीच्या तोंडाशी किंवा पायडलच्या धुरीखाली, क्रमांक ठोकलेला असतो. त्या क्रमांकावरून साल काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु क्रमांकांच्या ज्या याद्या हाती आहेत त्या तुटक आहेत, आणि एकाच कंपनीने वेगवेगळ्या काळी क्रमांकांच्या वेगवेगळ्या पद्धती वापरल्या आहेत. इंग्लंडमध्ये १९५५ पासून जुन्या सायकलींच्या अभ्यासकांचा ‘व्हेटरन-सायकल क्लब’ चालतो. तेथील जाणकारही क्रमांकाच्या जोडीला इतर पुरावा मागतात.

काही पुरावे मात्र बोलके असतात. तीन वेगांचा स्टर्मी-आर्चर हब मागच्या चाकात असेल तर त्याच्या कवचावर बहुधा सालाचे अंक ठोकलेले सापडतात. अर्थात ते साल हबचे असते, सायकलीचे नव्हे. चकाकणाऱ्या भागांवरचा मुलामा पिवळसर झाकेचा असेल तर तो निकेलचा आणि निळसर असेल तर क्रोमचा. विलायती सायकलींवर क्रोम सर्रास दिसू लागले ते १९३० च्या सुमारापासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूंची टंचाई असल्याने मुलाम्याचे भागही काळे रंगविलेले असत. मागच्या मडगार्डच्या टोकाशी असलेला पांढरा पट्टा आपल्याला शोभेचा वाटतो. तो इंग्लंडमधील १९३० च्या दशकातल्या रस्ता-सुरक्षेच्या नियमातून आला आणि आपल्या कारखान्यांनी तो तसाच पुढे चालवला. आणि आपल्याकडचा एक खास पुरावा म्हणजे नगरपालिकेचा बिल्ला. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून साल कोरलेला पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत. तो बिल्ला सायकल कधी बनली हे सांगत नाही, पण त्या वर्षी ती कोणत्या गावच्या रस्त्यावर होती हे नक्की सांगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले काय हवे?

आता आपल्या सायकलीकडे येऊ. तिचा समोरचा बिल्ला गेलेला आहे. रिबिटांची दोन छिद्रे तेवढी उरली आहेत. दातेचक्रात बगळे आहेत. एवढ्या दोन गोष्टींवरून कोणीतरी कधीतरी ‘ही विलायती रॅले’ असे म्हटले, पुढे एका सभेत ‘१९३०’ हा आकडा उच्चारला गेला आणि तो एका निमंत्रणपत्रिकेत छापून आला. छापले म्हणजे खरे, ही समजूत आपल्या समाजातही आता घर करू लागली आहे. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नये, हे आपण दर रविवारी वंदनेनंतर मुलांना सांगतो. मग ते पाटी रंगवितानाही लागू असले पाहिजे.

सायकलीवर रंगाचे तीन थर होते. वरचे दोन कुंचल्याने मारलेले, मऊ आणि जाड. सर्वांत खालचा कारखान्यात भट्टीत भाजलेला, काचेसारखा कडक. अशा वेळी वरचा थर धीराने, लाकडी पातीने, पाण्याने ओला करून काढता येतो आणि खालचा शाबूत राहतो. पालकांसाठी आणि हौशी मंडळींसाठी येथे एक सूचना आवर्जून करतो. जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. तो कोरडा घासू नये, काचकागद लावू नये, मुलांना तर त्याच्या धुळीजवळ फिरकूही देऊ नये. आम्ही हे काम मोठ्यांनीच, तोंडाला मास्क लावून, उघड्यावर आणि ओल्या फडक्याने केले. सुट्टीच्या दिवशी तासभर, असे कित्येक आठवडे ते चालले. सीटच्या नळीवर प्रथम सोनेरी रेघ दिसली, मग ‘मेड इन’ ही रोमन अक्षरे, आणि त्यापुढचा शब्द गंजाने खाल्लेला. विलायतवादी मंडळींना हर्ष झाला. परंतु ती ओळ नळीच्या बरोबर मध्यावर होती, आणि उरलेल्या जागेत रोमन लिपीतील सात अक्षरे मावत नव्हती, पाच मावत होती. पुढे खालच्या तिरप्या नळीवर, दुसऱ्या थराखाली, फिकट सोन्यात ‘सेन-रॅले’ ही अक्षरे निघाली तेव्हा प्रश्न मिटला. चिमट्याला खिळलेल्या नगरपालिकेच्या बिल्ल्यावर साठच्या दशकातील साल आहे. म्हणजे आसनसोलचा कारखाना सुरू झाल्यानंतर आणि त्या सालापूर्वी केव्हातरी ही सायकल बनली. याहून नेमके साल आज सांगता येत नाही आणि सांगू नये.

हे ऐकून काहींचा चेहरा उतरला, हे आम्ही लपवीत नाही. ‘म्हणजे साधी देशी सायकल?’ असा प्रश्न आला. आमचे मत उलट आहे. १९३० ची विलायती सायकल आपल्या गावी आली असती तर ती कोणाच्या वाड्यात उभी राहिली असती, हे सांगण्याची गरज नाही. देशी कारखान्यांतून सायकली निघू लागल्यानंतरच ती गिरणी कामगार, पोस्टमन, प्राथमिक शिक्षक यांच्या आवाक्यात येऊ लागली, आणि तेव्हाही वर्षाची बचत घालूनच. आसनसोलचा तो कारखाना पुढे सरकारने ताब्यात घेतला आणि अखेर बंदही पडला. त्या कामगारांचे नाव कोठेच लिहिलेले नाही. आपल्या पाटीवर निदान त्यांच्या गावाचे नाव तरी असावे.

आता डागडुजीकडे. येथे आमचा पक्ष असा की सायकल चालती करावी, पण नवी करू नये. या दोहोंत मोठे अंतर आहे. चालती करण्यासाठी जे झिजले आहे ते बदलावे लागते. नवी करण्यासाठी जे जगले आहे ते पुसावे लागते. नवशिक्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही कामाचा क्रम थोडक्यात सांगतो. सर्वप्रथम पान्याला हात लावू नये. सायकलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वॉशर कोणत्या बाजूला आहे हे वहीत टिपावे. मग चौकटीला तडा आहे का, विशेषतः चिमट्याच्या मुळाशी आणि नळ्यांच्या सांध्यांशी, हे पाहावे. चिमट्याला तडा असेल तर ती सायकल चालविण्याचा विचार सोडून द्यावा, मग ती कितीही मौल्यवान असो. त्यानंतर प्रत्येक सांध्यात तेल सोडून दोन-चार दिवस स्वस्थ बसावे. हे स्वस्थ बसणे अनेकांना जमत नाही.

पहिली खरी कसोटी कॉटरची. कॉटर म्हणजे क्रँकला धुरीशी जखडून ठेवणारी लोखंडी पाचर. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती आत चिकटून बसते, आणि अननुभवी माणूस तिच्यावर हातोडा चालवून टोक वाकवतो, मग ती कायमचीच अडकते. क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नट टोकाशी सारखा येईल इतपत चढवून ठेवावा आणि शक्य तर शिकंज्याने दाबून पाचर बाहेर काढावी. दुसरी कसोटी उलट्या आट्यांची. डावे पायडल आणि इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत धुरीची उजवी वाटी या दोहोंचे आटे उलटे असतात. आमच्या नववीतील एक विद्यार्थी त्या वाटीशी झुंजत असताना गावातील सायकल मिस्त्री नुसते बघत उभे होते. शेवटी म्हणाले, ‘‘बाळा, घड्याळाच्या काट्यासंगं फिरव. ही घट्ट व्हायच्या दिशेनं सैल होती.’’ वाक्य व्याकरणदृष्ट्या कसेही असो, यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे.

धुरी उघडली की छर्रे मोजूनच काढावेत. अशा सायकलीत बहुधा पायडलच्या धुरीला प्रत्येक बाजूस पाव इंचाचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दोन सुताचे, ११ छर्रे असतात. मागच्या चाकाला तेच ९-९ आणि पुढच्या चाकाला दीड सुताचे १०-१०. छर्रे स्वस्त आहेत, सगळेच नवे घालावेत. वाट्या आणि कोन मात्र खड्डे पडल्याशिवाय बदलू नयेत. नॉटिंगहॅमच्या रॅले चौकटीत या वाट्यांना इंचाला २६ आटे असत आणि इतर बहुतेक सायकलींना २४. लुधियानाहून आलेली आजची २४ आट्यांची वाटी जोर लावून तेथे बसवली की चौकटीचेच आटे मारले जातात, आणि मग डागडुजी करण्यासारखे काही उरत नाही. चाकांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. २८ बाय दीडचे टायर आपल्याकडे अजूनही तालुक्याच्या दुकानात मिळतात, कारण ती काळी सायकल आपल्या कारखान्यांनी अद्याप सोडलेली नाही. रिंग घेताना छिद्रे मोजावीत : पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०, हा जुना इंग्रजी हिशेब. मागे बोजा असतो म्हणून मागे तारा अधिक. चाकाचा आऊट काढणे हे काम मात्र पुस्तकातून येत नाही. ते मिस्त्रींकडूनच करून घ्यावे आणि शेजारी बसून पाहावे.

मुलाम्यावरचा गंज काढण्यासाठी खाण्याच्या डब्यात गुंडाळतो तो चांदीसारखा कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तरी पुष्कळ काम होते. साखळी आणि फ्रीव्हील डिझेलमध्ये धुवावे. रॉकेल आता मिळतेच कोठे? जेथे मूळ रंग उडाला आहे तेथे नवा रंग न लावता मेणाचा हात द्यावा. तो गंज थांबवितो आणि काही लपवीत नाही. बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. उद्या आपल्यापेक्षा जाणता कोणी आला तर त्याला आपले काम उलटे करता आले पाहिजे.

कॅरिअरविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण प्रस्तावकांचा सर्वांत जास्त राग त्याच्यावर आहे. ते कंपनीचे नाही, हे खरे. लोखंडी पट्ट्या तापवून, वाकवून, रिबिटा ठोकून ते कोण्या लोहाराने बनविले आहे. मूळ कॅरिअरपेक्षा ते रुंद आहे आणि त्याचे पाय धुरीपर्यंत नेऊन जाड केले आहेत. पोते आडवे बसावे म्हणून दोन्ही बाजूंना आकडे आहेत. वरच्या दांडीला सांध्याजवळ पितळेचा झाळ दिलेला आहे. बोजा सहन न होऊन तेथे चौकट तडकली असावी आणि कोणीतरी ती सांधून पुन्हा कामाला लावली. छांदिष्टांच्या परिभाषेत हे दोन्ही ‘मूळचे नाही’ या सदरात जाते आणि काढून टाकण्यास पात्र ठरते. आमच्या मते या सायकलीवर खास आपल्यासाठी बनविलेली वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे हे कॅरिअर. बाकी सायकल बाजारात हजारोंनी विकली गेली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाचे धान्य ज्यावरून आले ते कॅरिअर मात्र जगात दुसरे नाही. ते काढून त्याच्या जागी दुकानातले चकचकीत कॅरिअर लावायचे असेल तर सायकल ठेवायचीच कशाला? मग दुकानातून नवीच आणावी.

सीटचीही हीच गोष्ट. कातडी सीट वाळून कडक झाली होती, नाकाजवळ फाटली होती. पूर्वी एकदा तिथे शिवण घातलेली दिसत होती. एस.टी. स्थानकासमोर बसणाऱ्या गटई कारागिराकडे आम्ही ती नेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितले की मेणाच्या दोऱ्याने, दोन आऱ्यांनी, आतून-बाहेरून घातलेली ही शिवण आहे. घालणारा कामात मुरलेला होता. त्यांनी जुनी शिवण उसवली नाही, तिच्याच शेजारून नवी घातली. कातड्याला तेलात बुडवू नका, ते सैल पडून लोंबेल, थोडे लावा आणि मुरू द्या, असेही बजावले. या माहितीसाठी लोक परदेशी पुस्तके चाळतात. ज्या हातांना हे ज्ञान पिढ्यान्पिढ्या होते त्यांना समाजाने त्याचे मोल कधी दिले नाही, उलट त्याच कामासाठी हिणवले. आमच्या विद्यार्थ्यांनी हे काम पोटापाण्यासाठी करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वंशाने लादलेले काम सोडून देण्याचा हक्क आपण मोठ्या संघर्षाने मिळविला आहे. पण ते ज्ञान आहे, हुन्नर आहे, एवढे तरी आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे आणि वहीत लिहावे, असे आम्हांला वाटते. त्या दिवशी मुलांनी तसे लिहिले.

येथवर लोखंड, रंग आणि कातडे यांची साक्ष झाली. परंतु लोखंडाला सर्वच ठाऊक नसते. गावातील ठरावीक आळ्यांतून जाताना आपल्या माणसांना सायकलवरून उतरावे लागे, ती हातात धरून चालत जावे लागे, आणि आळी ओलांडल्यावर पुन्हा बसावे लागे, हे आमच्या आधीच्या पिढीने आम्हांला सांगितले आहे. देशाच्या अनेक भागांतून असे अनुभव नोंदले गेले आहेत. या उतरण्याची खूण पायडलवर राहत नाही, दातेचक्रावरही नाही. सायकल कोणी विकत घेतली, पैसे कोठून उभे केले, पहिल्यांदा आळीतून न उतरता कोण गेले आणि त्या दिवशी काय घडले, याची साक्ष माणसेच देऊ शकतात. आजारी बाईला कॅरिअरवर बसवून रात्री तालुक्याच्या दवाखान्यात कोणी नेले, हेही तीच सांगतील. सायकल जेथे बनली त्या गावाविषयी आपल्या स्मृतीने दगा दिला, लोखंडाने तो दुरुस्त केला. पण ती कशासाठी आणि कोणत्या धाडसाने चालविली गेली, हे स्मृतीवाचून कळणार नाही. इतिहासाला दोन्ही साक्षीदार लागतात, आणि दोघांचीही उलटतपासणी करावी लागते. फरक इतकाच की सायकल कोठीत आणखी पन्नास वर्षे थांबू शकेल. जी माणसे तिच्यावर बसली ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून पावडर कोटिंगसाठी जी रक्कम जमली आहे तिचा विनियोग वेगळा व्हावा, असे आम्ही व्यवस्थापनाला लेखी सुचविले आहे. सायकलीचे उरलेले काम त्यातील थोडक्या पैशांत होईल. उरलेल्या रकमेतून आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे एक बरे यंत्र घ्यावे आणि नववी-दहावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांसह गावोगावी पाठवावे. काचेचे कपाटही नको. सायकल व्हरांड्यात स्टँडवर उभी असावी, मुलांना हात लावता यावा, आणि वर्षातून एकदोनदा ती मैदानावर चालवावी. पाटीचा मजकूर आम्ही असा सुचवितो : ‘सेन-रॅले, आसनसोल. निर्मिती स्वातंत्र्यानंतर, साठच्या दशकात वापरात. रंग मूळचा. कॅरिअर लोहारकाम. वसतिगृहासाठी धान्य आणण्याकरिता वापरली गेली.’ या मजकुरात पुरावा नसलेला एकही शब्द नाही, आणि पुढे पुरावा मिळाला तर भर घालण्यास खाली जागा सोडली आहे.

मागचे चाक अजून व्हायचे आहे. ४० छिद्रांची जुनी रिंग दोन ठिकाणी आरपार गंजली असल्याने ती बदलावीच लागेल. मिस्त्रींनी तशाच वजनाची रिंग पाहून ठेवली आहे. दरम्यान माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती की घरातील जुन्या ट्रंका आणि लग्नातील छायाचित्रे एकदा पाहावीत. या सायकलीचे, किंवा तिच्यावर बसलेल्या कोणाचेही छायाचित्र सापडले तर त्याची प्रत शाळेकडे पाठवावी. मूळ छायाचित्र आपल्याकडेच ठेवावे. मागच्या बाजूला काही लिहिले असेल, साल, गाव, फोटो काढणाऱ्याचा शिक्का, तर त्या बाजूचीही प्रत काढावी. समोरचा बिल्ला कोणाकडे आठवण म्हणून गेला असेल तर तोही परत यावा. त्याच्या रिबिटांची छिद्रे आम्ही बुजवलेली नाहीत.